पीड्रो : बालफिजिओथेरपीतील चाचण्या पारखून घेण्यासाठी

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या मुलांना फिजिओथेरपी देताना, आठवड्यातून एकदा तरी कोणी पालक मोबाइलवरची एखादी जाहिरात पुढे करून ‘मॅडम, हे करून बघायचं का?’ असे विचारतात, आणि अशा वेळी मी सर्वांत आधी पीड्रो उघडते. सिडनीत १९९९ मध्ये सुरू झालेला फिजिओथेरपीच्या संशोधनाचा हा संग्रह सर्वांना मोफत खुला आहे. त्यात बालरोग ही उपशाखा निवडून आजाराचे नाव टाकले, की मार्गदर्शक सूचना, संशोधनाचे आढावे आणि उपचारांची गटागटांत तुलना करणाऱ्या चाचण्या समोर येतात, आणि चाचणी किती काटेकोर आहे यासाठी तिला दहापैकी गुण दिलेले असतात.

मुलांच्या बाबतीत या गुणांचे मोल अधिक आहे, कारण मूल उपचारांविनाही वाढतच असते. १९८८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन्ही पाय ताठर असलेल्या ४८ बाळांचे दोन गट केले होते : एका गटाला वर्षभर फिजिओथेरपी मिळाली, तर दुसऱ्याला पहिले सहा महिने खेळांतून चालना देणारा कार्यक्रम आणि नंतरचे सहा महिने फिजिओथेरपी. वर्षअखेरीस पहिल्या गटातील ३६ टक्के, तर दुसऱ्यातील ७३ टक्के बाळे चालू लागली होती. दुसरा गट नसता तर तेच ३६ टक्के आपण आनंदाने उपचारांच्या खात्यावर जमा केले असते!

गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणाच्याही मर्जीविना झाली का, सुरुवातीला दोन्ही गट सारखे होते का, ८५ टक्क्यांहून अधिक सहभागींचे मोजमाप हाती आले का, असे निकष पीड्रो तपासते. माझी तक्रार एकूण बेरजेबद्दल आहे. रुग्णाला आणि थेरपिस्टला उपचार कोणता हे ठाऊक नसावे, या दोन निकषांचे गुण व्यायामाच्या चाचणीला मिळणे जवळजवळ अशक्यच, त्यामुळे आठ म्हणजेच तिथे पैकीच्या पैकी. मात्र मोजणाऱ्याला गट ठाऊक नसणे सहज जमण्यासारखे असते आणि तोच गुण मी आधी शोधते. मुलांची बसणे-उभे राहणे-चालणे अशी क्षमता मोजणाऱ्या जीएमएफएम या मोजमापात मूल आधाराशिवाय दहा पावले चालले तर तीन गुण मिळतात, तीन ते नऊ पावलांना दोन. दहाव्या पावलाला मूल अडखळले, टाच उचलली पण पाऊल नीट पडलेच नाही, तर ते पाऊल धरायचे की सोडायचे? सहा महिने त्याच मुलासोबत घाम गाळलेल्या थेरपिस्टला ते पाऊल पडलेलेच दिसते. त्यात लबाडी नसते, माया असते, आणि म्हणूनच मोजणारा माणूस वेगळा हवा.

चाचणीत मुले किती होती, याला पीड्रोच्या गुणांत स्थानच नाही. दहा-बारा मुलांची नेटकी चाचणी मोठ्या चाचणीच्या बरोबरीने, कधी तिच्याही वर दिसते, हा मला या सेवेतील सर्वांत मोठा दोष वाटतो. शोधात मुलाचे वय आणि जीएमएफसीएस पातळी (मूल स्वतः किती हालचाल करू शकते याची श्रेणी) यांसाठी स्वतंत्र रकानेही हवेत. चालणाऱ्या मुलांवरचा निष्कर्ष व्हीलचेअरवरच्या मुलाला लावण्याची चूक त्यामुळे टळेल. तोवर प्रत्येक नोंद उघडून कोणता गुण कशामुळे गेला हे वाचावे, आणि मुलांची संख्या सारांशातून स्वतः टिपून घ्यावी.