माहीमचा ऑडिशन वर्ग: निकाल लागण्याआधीच लिहून ठेवतो

अमेरिकेतल्या कॉलेजांचे निकाल मार्चअखेरपर्यंत येतील. ते आल्यावर लिहिलं तर आनंदाच्या नाहीतर दुःखाच्या भरात लिहिलं जाईल, म्हणून आत्ताच लिहितो. माझ्या लेकीने म्युझिकल थिएटरच्या, म्हणजे गाणं, नाच आणि अभिनय एकत्र असलेल्या नाटकाच्या, बीएफए या पदवीसाठी नऊ ठिकाणी अर्ज केलेत. तयारी माहीमला, शितळादेवीच्या बाजूला घरीच शिकवणाऱ्या एका बाईंकडे केली. जून ते जानेवारी, आठवड्यातून एकदा, दीड तासाचे 2,500 रुपये.

मी पेटी वाजवतो. नाट्यसंगीताला तीस वर्षं साथ केली आहे. लेक सातव्या वर्षापासून गाणं शिकते, आठ वर्षं कथक केलं, कॉलेजच्या एकांकिकांत उभी राहिली. आता फक्त इंग्रजी गाणी बसवायची, एवढंच मला वाटत होतं. तो समज पहिल्याच तासाला गेला.

त्या दिवशी लेकीने तीन मिनिटांचं अख्खं गाणं म्हटलं. बाईंनी मध्ये थांबवलं नाही. मग नोटेशनच्या, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीच्या, कागदावर पेन्सिलने दोन खुणा केल्या आणि म्हणाल्या, "इथून इथपर्यंत. सोळा बार." मी मनातल्या मनात मोजलं. चार मात्रांचा एक बार धरला तर सोळा बार म्हणजे 64 मात्रा, त्रितालाची चार आवर्तनं. आमच्याकडे चार आवर्तनांत गायक नुसता सावरून बसतो. तिथे तेवढ्यात माणूस उभा करून दाखवायचा आणि नमस्कार करून बाहेर पडायचं.

दुसरी गोष्ट मला कळायला जास्त वेळ लागला. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी घालून दिलेल्या संगीत नाटकाच्या वाटेवर माझा कान वाढला. आपल्या पदात नाटक थांबतं आणि गाणं फुलतं, लोक वन्स मोअर देतात, पुन्हा फुलतं. म्युझिकलमध्ये गाणं सुरू होताना पात्र एका मनःस्थितीत असतं आणि संपेपर्यंत त्याचं काहीतरी ठरलेलं असतं. लेक एका ओळीच्या शेवटी फार सुरेख मुरकी घ्यायची. बाई म्हणाल्या, "मुरकी छान आहे गं, पण ती घेताना ती मुलगी बोलायची थांबते." मग त्यांनी पेटी, पियानो, ट्रॅक सगळं बंद केलं आणि सांगितलं, "आता हेच तुझ्या आजीला मराठीत सांग." लेक थोडी अडखळली आणि मग म्हणाली, "आजी, मी जाणार आहे. तू रडलीस तरी जाणार आहे." खोलीत कोणी काही बोललं नाही. त्यानंतर तीच ओळ इंग्रजीत आली तेव्हा मुरकी आपोआप गळून गेली होती, आणि समेवर जाते तशी माझी मान गेली.

या एका तासासाठी मी सगळे पैसे पुन्हा देईन.

गळ्याच्या बाबतीतही बाई जपून होत्या. या गाण्यांना छातीचा आवाज वरच्या पट्टीपर्यंत न्यावा लागतो, त्याला बेल्टिंग म्हणतात. ते त्या एका वेळी वीस मिनिटांच्या वर करू देत नसत, आणि खोकला असला तर फक्त संवादांचं काम घेत. आपण पट्टी गायकाच्या गळ्याप्रमाणे लावतो. तिथे समोर बसलेल्या पियानोवाल्याला ऐन वेळी पट्टी बदलायला सांगत नाहीत, म्हणून गाणं निवडतानाच गळा बघावा लागतो. आमची पहिली चार गाणी त्यातच बाद झाली.

ज्यांना ही वाट नवी आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कार्नेगी मेलन, मिशिगन, सिनसिनाटी अशा नावाजलेल्या ठिकाणी अर्ज खूप येतात आणि एका वर्गात मोजकीच मुलं घेतात. आधी प्रीस्क्रीन, म्हणजे व्हिडिओ पाठवायचे: वेगवेगळ्या वळणाची दोन गाणी, एकपात्री संवाद, नाच, आणि हवं असेल तर वाइल्ड कार्ड, म्हणजे आपल्या पसंतीचं काहीही. त्यातून निवडलेल्यांना जानेवारी-फेब्रुवारीत ऑडिशन. वाइल्ड कार्डमध्ये लेकीने कथकचा तुकडा हातावर ताल धरून पढंत करून, म्हणजे बोल तोंडाने म्हणून, दाखवला. ही कल्पना बाईंचीच.

याआधी आम्ही परदेशी प्रवेशाच्या एका मोठ्या सल्लागार कंपनीकडे 60,000 रुपये भरले होते. त्यांनी लेकीच्या नाचाची, गाण्याची कात्री लावून जोडलेली, वर पार्श्वसंगीत टाकलेली फिल्म करून दिली. आम्ही निवडलेल्या बहुतेक कॉलेजांना प्रत्येक गाणं एका दमात, न जोडता, न सुधारता चित्रित केलेलं हवं होतं. सूचनांचं पान त्यांनी उघडूनही पाहिलं नव्हतं याचा मला आजही राग आहे. पैसे परत मिळाले नाहीत.

बाईंचंही सगळंच सुरळीत नव्हतं. चित्रीकरण त्यांच्याच खोलीत होईल, असं त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. खोली रेल्वेलाइनच्या अंगाला. सर्वात चांगल्या टेकमध्ये, शेवटच्या सुराच्या वेळी लोकलचा भोंगा आला. अकरावा टेक होता तो. लेक भिंतीला टेकून रडली. शेवटी दादरला एका नृत्यवर्गाचा हॉल रविवारी दुपारी तीन तास घेतला, 1,800 रुपये पडले. हे त्यांनी ऑक्टोबरातच सांगायला हवं होतं. शिवाय त्या फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअॅपला उत्तर रात्री अकरानंतर येतं, आणि इमारतीला लिफ्ट नाही.

पण ऑनलाइन ऑडिशनच्या वेळी त्यांनी जे केलं ते कोणी करत नाही. तिकडचे दुपारचे तीन म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे दीड. दोन दिवसांवर लेकीची बारावीची तोंडी परीक्षा. बाई आदल्या संध्याकाळी आमच्या लालबागच्या घरी आल्या, दुसऱ्या फोनवरून झूमला जोडल्या गेल्या आणि आवाज तपासला. झूम बोलणं सोडून बाकी आवाज गोंगाट समजून दाबतं, त्यामुळे ट्रॅकमधला पियानो मधूनमधून गायब होत होता. 'ओरिजिनल साउंड' चालू केल्यावर तो नीट ऐकू आला. हे आम्हाला कधीच सुचलं नसतं. मग त्यांनी खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबले, लॅपटॉप लेकीच्या डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून पोळपाटाखाली दोन डबे लावले, संवाद बोलताना नजर ठेवायला कॅमेऱ्याच्या जरा बाजूला भिंतीवर टिकली चिकटवली आणि साडेनऊची लोकल पकडून गेल्या. जादा पैसे घेतले नाहीत.

ती टिकली अजून भिंतीवर आहे, लेकीच्या आईने काढू दिलेली नाही.

पुढच्या जूनसाठी विचार करत असाल तर एप्रिलमध्येच जाऊन भेटा, वर्षाला त्या सहाच मुलं घेतात. मुलाला नोटेशन वाचायला आधी शिकवून न्या, आमचे पहिले दोन महिने त्यातच गेले. आणि चित्रीकरणाचा हॉल तुम्हीच शोधा.