हंडियाहून फोन आला आणि ४९,६०० रुपये गेले: परिक्रमावासींच्या घरच्यांनी वाचाच

पहिले आकडे सांगतो. ५,१००, मग ६,०००, मग २४,०००, मग १४,५००. एकूण ४९,६०० रुपये. चारही वेळा पिन मी स्वतःच्या हाताने टाकला. नागपुरात एका कारखान्यात मी हिशेबाचं काम करतो, दुसऱ्यांची बिलं तपासतो. म्हणूनच आठ दिवस हे घराबाहेर ओळखीच्या कुणाला सांगायची हिंमत झाली नाही.

बाबा ६८ वर्षांचे. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमेला निघाले. दक्षिण काठाने समुद्रापर्यंत, तिथून समुद्रातून वळसा घालत नावेने उत्तर काठावरची मिठी तलाई, मग त्याच काठाने उगमापाशी अमरकंटक आणि परत दक्षिण काठाने खाली. मार्चच्या शेवटी हरदा जिल्ह्यातल्या हंडियाला पोचले. घरी आम्ही ओंकारेश्वरला जायला खांडव्याची तिकिटं बघत होतो. समाप्तीला कढाई, म्हणजे मैयाला शिऱ्याचा प्रसाद, कन्यापूजन, सगळं आईच्या मनात ठरलेलं. निघाले तेव्हा तिला शूलपाणीच्या झाडीची धास्ती होती, तिथे परिक्रमावासींना लुटतात असं ऐकलेलं. त्या झाडीत बाबांना लोकांनी बोलावून जेवू घातलं. लुटलं गेलो आम्ही, इकडे, घरात बसून.

बाबांकडे बटणांचा फोन, तोही बॅटरी वाचवायला दिवसभर बंद. हंडियाच्या अलीकडे एका आश्रमात त्यांना एक पांढऱ्या कपड्यातला माणूस भेटला. अमरावतीकडचा म्हणाला, बोली आपलीच. दोन दिवस सोबत चालला. त्याच्याच फोनवरून बाबा बोलले, "पोरगा चांगला आहे रे, माझी पिशवीसुद्धा घेतो." मी नंबर 'बाबांसोबतचे महाराज' म्हणून सेव्ह केला. रोज फोटो यायचे. बाबा घाटावर, बाबा वाटेतल्या शिक्क्यांची परिक्रमेची वही दाखवताना, बाबांच्या पायाच्या भेगा. त्या भेगा बघून आई रडली होती. असे फोटो पाठवणाऱ्यावर कोण संशय घेईल, तुम्हीच सांगा.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, ओंकारेश्वरला गर्दी आहे, कढाईचं सामान आणि कन्याभोजन आताच सांगून ठेवतो, ५,१००. मग खोलीचे दोन दिवसांचे ६,०००. दिले. समाप्तीचे असे पैसे आधी कुणीही मागितले तर एक रुपया देऊ नका. कढाई तिथे पोचल्यावरच करायची असते आणि सामान तिथेच मिळतं.

त्याच रात्री पावणेनऊला फोन. "काका घसरून पडले. खुब्याचं हाड आहे. पलीकडे नेमावरला दवाखान्यात आणलंय, डॉक्टर चोवीस हजार भरा म्हणतात."

पलीकडे. हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. आई जवळच उभी होती, हातात कणकेचा गोळा. ती लगेच म्हणाली, "पलीकडं? अन् पलीकडं कसे जातील ते? परिक्रमा खंडित होते ना रे." हंडिया दक्षिण काठावर, नेमावर समोर उत्तर काठावर, मधे पूल. समाप्तीआधी परिक्रमावासी नर्मदा मैया ओलांडत नाही, हे आमच्या घरात पोराटोरांना ठाऊक. बाबांनी हाड मोडलेलं सोसलं असतं, पण त्या पुलावर पाय ठेवला नसता. खरा परिक्रमावासी हे इतक्या सहज बोलेलच कसा? आणि मी आईवर ओरडलो, "जीव महत्त्वाचा का परिक्रमा?" ते वाक्य अजून घशात अडकलंय. २४,००० पाठवले. स्क्रीनवर नाव दवाखान्याचं नव्हतं, कुठल्याशा मोबाइल दुकानाचं होतं. तेही वाचलं मी. रात्र होती, बाबांचा फोन बंद, डोळ्यांसमोर त्यांचा पाय. सकाळी सातला इंजेक्शनचे म्हणून आणखी १४,५००.

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला, हंडियाच्या पुढच्या एका गावातून. ठणठणीत. "तो? तो तर हंडियालाच मागं राहिला."

ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, घटना मध्य प्रदेशातली आहे, हरद्याला जा. अहो, पैसे माझ्या नागपूरच्या खात्यातून गेले! १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हे मला घरी येऊन वाचावं लागलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर ते साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पण पोच द्यायला शिक्का सापडेना. दीड तास शिक्का सापडत नाही? बँकेत तर बाईंनी स्क्रीनवरून नजरही न काढता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकला ना? मग आम्ही काय करणार." मागे उभी माणसं ऐकत होती. मी काय तिथे भीक मागायला गेलो होतो?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी तिसऱ्या दिवशी फोन केला. तुम्ही तिसऱ्या मिनिटाला करा. पैसे समोरच्या खात्यात असले तर तिथेच अडवता येतात. माझे तोवर काढून झाले होते.

माणूस पायी निघाला असेल तर रोज रात्री आश्रमाचा नंबर विचारून वहीत लिहा. आश्रमात किती मूर्ती, म्हणजे परिक्रमावासी, उतरल्या ते सांगणारं कुणीतरी असतंच. दवाखाना म्हटलं तर व्हिडिओ कॉल लावा, डॉक्टरांशी बोला. आणि घरातली बाई काही म्हणत असेल तर तिला गप्प करू नका.

ओंकारेश्वरला आम्ही गेलो. बाबांनी जल चढवलं, कढाई झाली. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. परवा वर्ध्याच्या एका ओळखीच्यांनी मला मेसेज दाखवला, एका वृद्ध परिक्रमावासीच्या ऑपरेशनसाठी मदत हवी म्हणून. फोटो माझ्या बाबांचा होता, भेगाळलेल्या पायांचा. तो फोटो तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका. तो माणूस घरी आहे, सुखरूप आहे.