समर फुटबॉल कॅम्पचा रिव्ह्यू: पॅम्प्लेटला ५ स्टार, कॅम्पला अडीच

पहिलेच सांगतो, नाव लिहिणार नाही. पोराला त्याच मैदानावर खेळायचंय आणि मला त्याच गेटवर स्कूटर लावायची आहे. पश्चिम नागपुरातला एक कॅम्प समजा, एप्रिल-मेचे सहा आठवडे, सकाळी ६ ते ८, फी साडेसहा हजार, त्यात एक जर्सी, एक शॉर्ट आणि मोज्यांचा जोड. जर्सी अशा कापडाची की मे महिन्यात ती घालणं म्हणजे प्लास्टिकची पन्नी गुंडाळणं, पण ते जाऊ द्या.

पॅम्प्लेट पेपरात आलं होतं. गुळगुळीत कागद, समोर परदेशातल्या कुठल्या तरी हिरव्यागार मैदानाचा फोटो, आणि खाली यादी: इंटरनॅशनल लेव्हल कोचिंग, दर बारा मुलांमागे एक लायसन्सवाला कोच, व्हिडिओ अ‍ॅनालिसिस, पर्सनल डाएट चार्ट, 'सहा आठवड्यांत फरक दिसेल'. बायको म्हणाली भर भर फॉर्म, घरी बसून मोबाईलच पाहते पोट्टं. मी भरला. पण भरताना हात जरा अडखळला, कारण अशा पॅम्प्लेटांचा मी जुना गिऱ्हाईक आहे.

झालं असं की २०१७ ला कंपनीने मला ओमाहाला पाठवलं होतं, अमेरिकेत नेब्रास्का राज्यात. मैलोन् मैल मक्याची शेतं, आणि शनिवारी अख्खं राज्य लाल शर्ट घालून कॉलेजची फुटबॉल मॅच बघतं. त्यांचं फुटबॉल म्हणजे हातात अंडाकृती बॉल घेऊन पळायचं ते, आपलं नाही. तासाभरावर लिंकन नावाचं गाव, तिथं युनिव्हर्सिटीचं मेमोरियल स्टेडियम, १९६२ पासून एकही मॅच हाऊसफुल्ल नाही असं झालेलं नाही म्हणतात. ऑफिसातल्या लोकांनी मला दोन महिन्यांत बाटवलं. लाल टोपी अजून कपाटात आहे.

आता या खेळाची गंमत समजून घ्या. सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि डिसेंबर-जानेवारीत संपतो, बारा-तेरा मॅचेस, बस. उरलेले सात-आठ महिने मॅच नाहीच. म्हणजे नुसती बोलणी. नवा कोच आला, पोरांचं वजन वाढलं, पोरांचं वजन कमी झालं (दोन्ही चांगलंच असतं), वातावरण बदललं, यंदा टीम वेगळीच दिसते. स्कोअरबोर्ड बंद असला की कोणीच हरत नाही ना राजेहो. पब्लिक शिव्या घालते, मागच्या वर्षीही हेच बोलला होता म्हणते, आणि तरी तिकीट काढते.

मी गेलो त्याच वर्षी नेब्रास्काच्या टीमने जुन्या कोचला काढलं आणि डिसेंबरात स्कॉट फ्रॉस्टला आणलं. घरचा पोरगा. १९९७ च्या चॅम्पियन टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून अटॅक चालवणारा मुख्य खेळाडू, हाच. लोकांना वाटलं देवच आला. पहिल्या सीझनला सुरुवातीच्याच सलग सहा मॅच हरले, शेवटी ४ जिंकल्या ८ हरल्या. पुढच्या वर्षी ५-७. मग ३-५. मग २०२१ ला ३-९, आणि त्या नऊच्या नऊ हारींत एकही नऊ पॉइंटपेक्षा मोठी नाही, म्हणजे प्रत्येक वेळी आशा दाखवून मारलं. दर उन्हाळ्यात मात्र सगळं ठीक होत होतं.

(योगायोग बघा, फ्रॉस्ट आला आणि महिनाभरात, १ जानेवारी २०१८ ला, आपल्या विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. कोच चंद्रकांत पंडित सरांचा तो विदर्भासोबतचा पहिलाच सीझन. मी बाहेर बर्फ पडत असताना मोबाईलवर स्कोअर बघत होतो, आपला बॉलर गुरबानीची हॅट्ट्रिक वगैरे. कोणी उन्हाळ्यात फ्लेक्स लावला नव्हता की यंदा रणजी आणतो म्हणून.)

असो. भारतात परत आलो तरी खाज गेली नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सीझन सुरू व्हायच्या आधी फ्रॉस्टने कौतुकाने सांगितलं की नव्या असिस्टंट कोचने लाइनमन पोरांना (पुढच्या फळीतले धिप्पाड गडी) इतकं रगडलंय की एका प्रॅक्टिसला पंधरा-वीस वेळा उलट्या होतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काय मेहनत, काय शिस्त. २७ ऑगस्टला आयर्लंडमध्ये डब्लिनला पहिली मॅच, आपल्याकडे रात्री दहाला सुरू, मी कूलर लावून बसलो. ११ पॉइंटने पुढे असताना गरज नसलेली एक ऑनसाइड किक मारली (बॉल आपल्यालाच परत मिळावा म्हणून मुद्दाम जवळच मारतात ती), बॉल समोरच्यांना मिळाला, आणि ३१-२८ ने हरले. दोन आठवड्यांनी फ्रॉस्टला नारळ. पंधरा-वीस उलट्यांचं काय झालं कोणी विचारलं नाही.

हे सगळं कशाला सांगितलं, तर कॅम्पच्या दुसऱ्याच दिवशी माझं पोरगं ओकलं. अकरा वर्षांचं आहे. आल्या आल्या मैदानाला दहा राऊंड मारायला लावले, पावणेआठला ऊन चटके द्यायला लागलं होतं, आणि पाणी ब्रेकमध्येच प्यायचं असा नियम. मी धावत गेलो तर हेड कोच हसत हसत म्हणतात, "टेन्शन नका घेऊ सर, बॉडी अ‍ॅडजस्ट होऊन राहिली, हे चांगलं साइन आहे." मला एकदम डब्लिन आठवलं. म्हटलं सर, नागपूर आहे हे, इथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, ओकणं हे साइन असेल तर सलाइनचं असेल. चार पालक जमले, थोडी बाचाबाची झाली, पण दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा जार लाइनीच्या बाजूला आला आणि राऊंड दहाचे चार झाले. याचे मार्क त्यांना देतो, ऐकलं तरी.

बाकी यादीचं सांगतो. बारा मुलांमागे एक कोच, प्रत्यक्षात मी मोजलं, अडतीस पोट्टे आणि दोन जण, त्यातला एक जण फोनवर. व्हिडिओ अ‍ॅनालिसिस म्हणजे एकदा स्टंपला मोबाईल रबरबँडने बांधून शूटिंग केलं आणि ते ग्रुपवर टाकलं, मागे गाणं लावून. डाएट चार्ट पर्सनल वगैरे काही नाही, सगळ्यांना एकच पीडीएफ, त्यात सकाळी अ‍ॅव्होकाडो आणि ब्लूबेरी. आईने चष्मा लावून तो वाचला आणि विचारलं, "हे काय असते रे, गोकुळपेठेत भेटते का?" मग नेहमीप्रमाणे पोहे केले. पोहे खाऊनच पोट्टं खेळलं.

आता चांगलं काय ते. एक पोरगा होता तिथं, मदतनीस म्हणून, वीस-एकवीसचा असेल. नागपूरजवळच्या कामठीचा. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, कामठीत फुटबॉल कॅम्पमध्ये शिकत नाहीत, गल्लीत शिकतात. पॅम्प्लेटवर याचं नाव नाही, फोटो नाही, पोट्टे त्याला दादा म्हणायचे. माझ्या पोराचा डावा पाय म्हणजे नुसता उभं राहायला दिलेला. बॉल डावीकडे आला की हा गोल फिरून उजव्या पायावर घेणार, तोवर समोरचा बॉल घेऊन पसार. हेड कोच लांबून ओरडायचे, "लेफ्ट यूज कर, लेफ्ट!" सहा दिवस ओरडले. सातव्या दिवशी दादाने त्याला बाजूला घेतलं, खाली बसला आणि म्हणाला, "उजव्या पायातला बूट काढ." बूट काढला, मोजाही काढला. मग पाच पावलांवरून नुसता हळूहळू बॉल द्यायला लागला. उघड्या पायाने मारलं की बोटं झोंबतात, दोन वेळा मारून पोरगं कळवळलं, तिसऱ्या वेळी पाय आपोआपच बदलला. दादा एक शब्द बोलला नाही, फक्त पुढचा बॉल जरा जोरात दिला. वीस मिनिटं हेच. शेवटी म्हणाला, "घरी भिंतीवर रोज पन्नास." झालं. माझ्या साडेसहा हजारातले सहा हजार मी त्या वीस मिनिटांचे धरतो.

शेवटच्या रविवारी समारोप. आपल्याच पोट्ट्यांच्या दोन टीम करून एकमेकांविरुद्ध मॅच, लाल विरुद्ध पिवळे. लिंकनला एप्रिलमध्ये अस्साच प्रकार मी पाहिलाय, स्प्रिंग गेम म्हणतात, आपलीच टीम आपल्याच टीमशी खेळते आणि लोक घरी जाताना म्हणतात काय अटॅक होता! अटॅक भारी दिसला कारण डिफेन्स आपलाच गचाळ आहे हे कोणाच्या डोक्यात येत नाही. इथंही ७-५ झालं, पालक खूश, सगळ्यांना मेडल.

मग डायरेक्टर साहेबांचं भाषण, "दोन वर्षांत आपली मुलं सुब्रतो कप खेळतील." टाळ्या. अहो पण सुब्रतो कप शाळांचा असतो, शाळेची टीम जाते तिथं, तुमच्या कॅम्पात पंधरा शाळांचे पोट्टे आहेत, कोणाच्या नावाने पाठवणार? टेक्सासच्या ए अँड एम युनिव्हर्सिटीत नवा कोच जिंबो फिशर आला तेव्हा चान्सलरने त्याला चॅम्पियनशिपची पाटीच बनवून दिली होती, साल तेवढं कोरं ठेवून, नंतर भरू म्हणे. २०२३ ला त्याला काढलं, वर सात कोटी डॉलरपेक्षा जास्त द्यायचे ठरले आणि पाटी कोरीच राहिली. आमच्या साहेबांनी निदान दोन वर्षं असा आकडा तरी टाकला.

भाषण संपल्यावर टेबलावर रजिस्ट्रेशन. वर्षाचं पॅकेज चोवीस हजार, आज भरलं तर बावीस. मी दोनच गोष्टी विचारल्या. एका कोचमागे किती मुलं हे पावतीवर लिहून द्याल का, आणि तो कामठीचा दादा जुलैत असेल का. पहिल्यावर साहेब म्हणाले, "सर विश्वास ठेवा, यंदा सिस्टिमच बदलून राहिलो." दुसऱ्यावर म्हणाले बघू. मी फक्त जुलै महिन्याचे पैसे भरले, महिन्यावारी जरा महाग पडते, पडू द्या. दादा आला नाही तर ऑगस्टला दुसरीकडे.

तुम्ही जाणार असाल तर टोपी द्या, पाण्याची बाटली मोठी द्या, आणि पहिल्या आठवड्यात तिथं उभं राहून स्वतः डोकी मोजा. पॅम्प्लेट रद्दीत घाला. रेटिंग अडीच, त्यातले दोन दादाचे आणि अर्धा पाण्याच्या जारचा.

सध्या आमच्याकडे संध्याकाळी एक पाय उघडा आणि एका पायात बूट अशा अवतारात गेटवर धाडधाड चालू असतं. पन्नासचे सत्तर झालेत. शेजारच्या काकूंनी कालपासून दोनदा आवाज दिलाय.