फाटक्या टायरला गेटर टाकून चालवलं: पावसाळा ते उन्हाळ्याचा अनुभव

सायकल साधी, बिनगिअरची, 26 इंची. जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, रोजचं जाणं-येणं. मागच्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात पत्र्याचा तुकडा होता, तो मागच्या टायरला बाजूने घासला. अंगठ्याच्या नखाएवढी चीर पडली आणि आतून ट्यूब डोकावायला लागली.

जिथून सायकल घेतली त्याच दुकानात ढकलत नेली. काउंटरवरच्या पोराने वाकूनसुद्धा न बघता सांगितलं, "दोन्ही टायर, दोन्ही ट्यूब टाका सर. सेटच बदलायचा असतो." म्हटलं, पुढच्याला काय झालंय? पुढच्या टायरची नक्षी शाबूत, कडेला कुठे भेग नाही. तर म्हणे कंपनीचा नियम आहे. नियम कुठे लिहिलाय ते दाखवा म्हटल्यावर साहेब मोबाइलमध्ये शिरले. मजुरी धरून चौदाशे रुपये सांगितले. सायकल वळवली आणि बाहेर पडलो.

आसरा चौकाच्या अलीकडे झाडाखाली एक काका पंक्चर काढतात. त्यांनी आधी टायर पूर्ण उतरवला आणि यंत्रमागाच्या सुताचं वेस्ट मुठीत धरून आतून गोल फिरवलं. एका जागी सूत अडकलं. तिथे बाभळीच्या काट्याचं टोक मोडून बसलं होतं, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. चिमट्याने ते ओढून काढलं. आमच्याकडे "परवाच पंक्चर काढलं, परत हवा गेली" ही जी कायमची रड असते, त्यातली निम्मी या राहून गेलेल्या टोकाची असते असं माझं मत झालंय. बोटाने चाचपलं तर बोट फाटतं. सूत फिरवा.

मग चिरेसाठी गेटर. माहीत नसेल त्यांच्यासाठी: जुन्या टायरचा तुकडा कापून तो फाटक्या जागी टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये बसवायचा. खरी कारागिरी त्याच्या कडांमध्ये आहे. काकांनी चारी कडा सुरीने तासून कागदासारख्या पातळ केल्या. जाड कड तशीच ठेवली तर ती ट्यूबला घासत राहते आणि काही आठवड्यांत नवीन भोक. घाईत काम करणारे तुकडा कापतात आणि कोंबतात. ट्यूबवर सोल्युशन लावल्यावरही काकांनी ते सुकून मळकट दिसेपर्यंत ठिगळ चिकटवलं नाही. ओल्यावर चिकटवलेलं ठिगळ उन्हात सुटतं. पंक्चर आणि गेटर मिळून सत्तर रुपये झाले.

आता या गेटरची एक खोड. ती इतकी डोक्यात बसली की त्यावर स्वतंत्र परिच्छेद लागतोय. गेटरच्या जागी टायर जरासा उंच होतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला सीटखाली एक ठोका बसतो. 26 इंची चाक एका फेऱ्यात साधारण दोन मीटर जातं. ताशी पंधराच्या वेगाने म्हणजे सेकंदाला दोन ठोके. टुक-टुक, टुक-टुक. बायकोला मागे बसवून विचारलं, तिला काही कळलं नाही. काका म्हणाले, "मालक, रस्त्याकडं बघा, टायरकडं नको." खरं सांगायचं तर गावातल्या बहुतेक रस्त्यांवर गेटरचा ठोका कुठला आणि खड्ड्याचा कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण होटगी रोडचा जो थोडा गुळगुळीत पट्टा आहे तिथे आलं की सुरू. मी तो पट्टा टाळून आतल्या गल्लीने जायला लागलो, म्हणजे बघा.

थंडीपर्यंत मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की टायर बदलणं म्हणजे पैशाचा चुराडा, गेटर टाका आणि विसरा. कारखान्यातल्या दोघातिघांनी ऐकलंसुद्धा. त्यांच्या टायरला काट्याची, खिळ्याची भोकं होती, ती नक्षीच्या भागात. ते टायर अजून चालताहेत आणि चालतीलच.

एप्रिलनंतर माझं मत थोडं सरकलं. सायकल दिवसभर पत्र्याच्या शेडलगत उभी, पारा चाळीसच्या वर. गरम हवेने ट्यूबमधला दाब वाढतो. फार नाही, पण फाटक्या जागेला तेवढा पुरतो. चिरेच्या जागी बोराएवढा फुगा दिसायला लागला. फुगा फिरताना ब्रेकच्या रबराला घासायचा, म्हणून हवा कमी ठेवली, तर सायकल जड झाली आणि खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडली. रोज हवा भरताना पोटात गोळा.

काकांनी टायर उलटा करून दाखवला तेव्हा भानगड कळली. टायरचा सगळा जोर आतल्या नायलॉनच्या दोऱ्यांवर असतो. ट्यूब फक्त हवा धरते आणि वरचं रबर फक्त झिजतं. काटा दोऱ्यांमधून वाट काढत आत जातो, दोरे बहुतेक शाबूत राहतात. बाजूला चीर पडली की दोरेच तुटतात. तिथे रबर पातळ, आणि टायर दबतो-सुटतो तोही नेमका तिथेच. माझ्या चिरेच्या दोन्ही टोकांना दोरे उसवून पिंजले होते, चीर दीडपट झाली होती. काका म्हणाले, "गेटर लै झालं आता. बदला."

बदलला. एकच. तीनशे ऐंशी रुपये, मजुरी वेगळी पन्नास. इथे काकांनी जे केलं ते मला आवडलं: पुढचा चांगला टायर काढून मागे टाकला आणि नवा पुढे बसवला. मागचा टायर फुटला तर सायकल डुलते, सावरता येते. पुढचा फुटला तर हँडल हातात राहत नाही. शिवाय मागे वजन जास्त, पायडलचा जोरही मागेच, त्यामुळे मागचाच आधी झिजतो. तिथे वापरलेला चालतो. ट्यूब जुनीच ठेवली, ठिगळांसकट. ठिगळ नीट बसलं असेल तर ट्यूब टाकायचं काही कारण नाही. वाल्व्हच्या बुडाशी फाटली तर मात्र ठिगळ टिकत नाही, तिथे नवीच घ्या.

थोडक्यात वरचं "गेटर टाका आणि विसरा" मागे घेतो. नक्षीतलं भोक असेल तर विसरा. बाजूची चीर असेल तर गेटर पगार होईपर्यंत. टायरला रिममध्ये धरून ठेवणारी कडेची तार तुटली असेल तर तेवढंही नाही, भरधाव असताना टायर रिमवरून उतरेल. आणि सेट वगैरे काही नसतं.

ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. 26 लिहिलेले सगळे टायर एक नसतात. 26 x 1.75 किंवा 1.95 असा दशांशाचा आकडा असेल तर तो 559 मिलिमीटरच्या रिमचा, आणि 26 x 1 3/8 असा अपूर्णांक असेल तर 590 चा. एकाचा दुसऱ्यावर बसत नाही, कितीही ओढा. जुन्या टायरच्या बाजूला बारीक अक्षरात 47-559 असं काहीतरी कोरलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा आणि दुकानदार "26 आहे ना, बसतंय" म्हणाला की तो फोटो पुढे करा.