सेमी की फुल: एका घोडीच्या पाठीवर दोन वेस्टर्न खोगिरं

आठवडाभराच्या बोलीवर दोन जुनी वेस्टर्न, म्हणजे काउबॉय पद्धतीची, खोगिरं घरी आणली आणि लेकीचा निकाल पाच मिनिटांत लागला. एकावर गुलाबाच्या वेलीचं कोरीवकाम, पितळी चकत्या, चामडं अजून तांबूस. दुसरं मळखाऊ रंगाचं, हॉर्नवर, म्हणजे पुढच्या खुंटीवर, दोराचे चरे पडलेलं, एका बाजूची किनार उसवलेली. "आई, हेच," असं म्हणून ती वेलीवाल्या खोगिरावर बसूनसुद्धा झाली, तेही तबेल्याच्या कठड्यावर ठेवलेल्या. घोडीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

आम्ही टेक्ससमध्ये, डेंटनच्या बाजूला राहतो. इकडे बहुतेकांकडे क्वार्टर हॉर्सच असतो. पाव मैलाच्या शर्यतीत कुणाला हार न जाणारी म्हणून या जातीला हे नाव पडलं. आमची मिस्टी अकरा वर्षांची आहे. बुटकी, रुंद, आणि मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, ज्याला इथे विदर्स म्हणतात, तो तिला जवळजवळ नाहीच. पाठ म्हणजे भाजणीच्या डब्याचं झाकण. अशा घोडीवर कोणतं खोगीर बसेल याचा शोध घेताना आम्हाला जे दिसलं ते दोन्ही खोगिरं शेजारी शेजारी ठेवून सांगते. तुमचा घोडा वेगळा असेल, तर उत्तर वेगळं येईल. तपासायची रीत तीच.

आधी एक फरक. इंग्लिश पद्धतीच्या खोगिराखाली लोकर भरलेल्या गाद्या असतात. कारागीर ती लोकर कमी-जास्त करून खोगीर थोडंफार घोड्याच्या पाठीजोगतं करून देतो. खोगीरभरती हा शब्द आपण फालतू गोष्टींसाठी वापरतो, पण तिथे तीच कामाची. वेस्टर्न खोगिरात ही सोय नाही. आत लाकडाचा किंवा फायबरचा सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. त्याच्या दोन लांब फळ्या, म्हणजे बार, कण्याच्या दोन बाजूंना टेकतात आणि स्वाराचं सगळं वजन त्या फळ्यांवरून पाठीवर उतरतं. फळ्यांचा आकार पाठीशी जुळला तर जुळला. नाहीतर खालून मेंढीचं कातडं कितीही मऊ असो, उपयोग नाही.

आता चिठ्ठीवरचे शब्द. वेलीवाल्यावर लिहिलं होतं सेमी क्वार्टर हॉर्स बार, मळक्यावर फुल क्वार्टर हॉर्स बार. सेमी म्हणजे दोन बारांमधली जागा अरुंद, साधारण सहा ते साडेसहा इंच. फुल म्हणजे सात इंचांच्या आसपास. हे आकडे ढोबळच धरायचे, कारण सगळ्या कारखान्यांना बांधील असं कुठलंही एक माप नाही. एकाचं सेमी दुसऱ्याच्या फुलएवढं निघू शकतं. त्यातही रुंदीपेक्षा बारांचा उतार किती हे महत्त्वाचं, आणि तो चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. कौलारू घराचं छप्पर आणि पत्र्याची शेड दोन्ही सारख्याच रुंद असू शकतात, पण एकाचं छप्पर दुसऱ्यावर बसणार नाही. आणखी एक गफलत नवख्यांची हमखास होते, माझीही झाली होती. साडेपंधरा, सोळा इंच असं जे माप विक्रेते सांगतात ते बैठकीचं, म्हणजे स्वाराच्या मांड्यांचं. घोड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तपासणी सुरू केली ती नुसत्या पाठीवर. पॅड नाही, कांबळं नाही, तंगही आवळलेला नाही. घोडी सपाट जमिनीवर, चारही पाय सरळ, मान समोर. तिने गवताला तोंड घातलं की पाठीचा आकार बदलतो, म्हणून लगाम धरायला लेक उभी राहिली. खोगीर जरा पुढे ठेवायचं आणि केसांच्या दिशेने मागे सरकवत आणायचं. एका जागी ते आपण होऊन थांबतं. ती त्याची जागा. बहुतेक लोक खोगीर फार पुढे चढवतात आणि मग घोडा चालत नाही म्हणून घोड्यालाच बोल लावतात. घोड्याला आपल्यासारखं गळ्याखालचं आडवं हाड नसतं. पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात, त्यामुळे पाय पुढे टाकताना खवाट्याचा, म्हणजे खांद्याच्या पसरट हाडाचा, वरचा भाग मागे सरकतो. बारचं टोक त्याच्या वाटेत आलं तर प्रत्येक पावलाला हाडावर लाकूड. चामड्याची पुढची झालर खवाट्यावर आली तरी चालते, बार येता कामा नये.

सेमी खोगीर त्याच्या जागी थांबलं तेव्हा दिसायला झकास दिसत होतं. समोरून बोगद्यातून पाहिल्यासारखं वाकून पाहिलं, तर उंचवट्याच्या वर चार बोटं मोकळी जागा. दोन-तीन बोटं असावीत असं सगळे सांगतात, मग चार म्हणजे आणखी चांगलं, असं लेकीला वाटलं. तसं नसतं. चार बोटं राहिली कारण खोगीर खाली उतरलंच नव्हतं, अरुंद टोपीसारखं वर अडकलं होतं. पुढच्या कडेने बारखाली तळहात सरकवला तेव्हा ते पक्कं कळलं. वरच्या बाजूला हात सहज गेला आणि खालच्या काठाशी घट्ट अडकला. बारांचा उतार तिच्या पाठीपेक्षा खडा होता, म्हणून सगळा भार खालच्या धारेवर. लेकीला सांगितलं, घोडीचा पुढचा पाय उचलून हळूच पुढे ताण. तिने ताणला आणि खवाटा मागे आला तशी माझी बोटं चांगलीच चेमटली. बाजूने पाहिलं तर बैठकही मागे झुकलेली. अशा खोगिरावर स्वार मागे रेलतो आणि भार कमरेकडे जातो.

फुल खोगीर खाली बसलं. अडीच बोटं जागा राहिली, तळहात वरपासून खालपर्यंत सारख्याच दाबाने सरकला. पाय ताणला तेव्हा खवाटा बारच्या पुढच्या बाहेर वळलेल्या टोकाखाली अलगद शिरला. बैठक सपाट. उलट चूक कशी दिसते तेही सांगून ठेवते. खोगीर फारच रुंद असेल तर ते उंचवट्यावर टेकतं, पुढे झुकतं आणि हात वरच्या बाजूला अडकतो, खाली मोकळा राहतो.

मग मधला भाग. इथे मळक्याची पंचाईत झाली. बार पुढे टेकत होते, मागे टेकत होते आणि मध्ये तळहाताएवढ्या लांबीत जरा पोकळी होती. याला इथे ब्रिजिंग म्हणतात, दोन्ही काठांवर टेकलेल्या साकवासारखं. तसं असेल तर चार टोकांवर वजन पडतं. उलट बार फार वाकडे असतील तर खोगीर पाळण्यासारखं डुलतं. सेमी खोगीर या बाबतीत बरं होतं, मध्ये छान टेकलेलं. दोन दिवस आम्ही याच गोष्टीवर अडलो. जाणत्यांतही यावर एकमत नाही. काही म्हणतात, उभ्या घोड्यावर मध्ये थोडी फट हवीच, कारण घोडा नीट चालताना पाठ उचलतो आणि ती भरून निघते. काही म्हणतात, फट म्हणजे फट. मला पहिलं पटतं, पण फट बोटभर असेल तरच. हात सैल जाऊन आत फिरायला लागला तर खोगीर परत करावं.

लांबीचं आमच्या घोडीला फार अडलं नाही. बारांनी शेवटच्या बरगडीच्या मागे भार टाकू नये, एवढं बघावं. घोड्याला साधारण अठरा बरगड्यांच्या जोड्या असतात, काही अरबी घोड्यांना सतराच, म्हणून आखूड पाठीच्या घोड्यांना गोल काठाचं खोगीर शोधावं लागतं.

यानंतर स्वारी. सेमीवर वीस मिनिटंच फिरवलं, फुलवर चाळीस. टेक्ससचं ऊन, घाम यायला वेळ लागत नाही. आणि इथेच घामाच्या खुणांवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. सेमी काढलं तेव्हा खवाट्यामागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे डाग, भोवती सगळं ओलं. फुल काढलं तेव्हाही कोरडे डाग होते, पाठीच्या मधोमध. कोरडं म्हणजे वाईट हा नियम लावला तर दोन्ही नापास. पण कोरडेपणाची दोन कारणं असतात. दाब इतका जास्त की घामाच्या ग्रंथीच चालेनाशा होतात, किंवा तिथे खोगीर टेकतच नाही. सेमीखालचे केस चपटे, उलटसुलट झालेले होते आणि तिथे बोटांनी दाबलं की मिस्टी पाठ खाली घेत होती, कान मागे. फुलखालच्या डागावर केस जसेच्या तसे, दाबलं तर तिचं लक्षही नाही. घाम बोलतो, पण हाताने उलटतपासणी केल्याशिवाय त्याची साक्ष ग्राह्य धरू नये. तंग आवळताना चावायला येणं, स्वार चढताना पाठ दबवणं, हे ती सेमीच्या वेळी करत होती. तिच्या पाठीवरचे पांढऱ्या केसांचे ठिपके मात्र जुन्या जखमांचे, कुठल्यातरी आधीच्या मालकाच्या खोगिराचे. त्यावरून आजच्या खोगिराचा निवाडा होत नाही.

"जाड पॅड घातलं तर?" लेक शेवटपर्यंत लढली. एक इंची नमद्याचं पॅड आम्ही वापरतोच. पण अरुंद खोगिराखाली जाड पॅड म्हणजे चावणाऱ्या बुटात दोन मोजे. जागा आणखी कमी होते. फुल खोगिराच्या मधल्या फटीला मात्र पॅडचा उपयोग झाला. फक्त तेवढ्या जागी पातळ पट्टी शिवून घेतली. किंचित मोठं असलेलं खोगीर पॅडने सावरता येतं, लहान असलेलं कधीच नाही.

एवढा उपद्व्याप नको असेल तर खोगीर बसवून देणारे जाणकार मिळतात. दाब मोजणारी संगणकी चादरही काहींकडे असते. ती चालत्या घोड्यावरचा दाब रंगांत दाखवते, महाग पडते आणि रंग वाचता आले तरच कामाची. माझा सल्ला असा की दहा खोगिरं घरी ओढून आणण्याआधी आर्किटेक्ट वापरतात ती वाकणारी पट्टी घ्या, घोड्याच्या खवाट्यामागे, पाठीच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीपाशी ती बसवा, तो आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापा आणि दुकानात पुठ्ठे घेऊनच जा. निम्मी खोगिरं तिथेच गळतील. हे पुठ्ठे जपून ठेवा. काम, खाणं, वय, सगळ्याने पाठ बदलते. मी दर तीन-चार महिन्यांनी ते पुन्हा लावून बघते.

मळकं खोगीर ठेवलं, उसवलेली किनार शिवून घेतली. वेलीवालं परत करायला निघाले तर शेजारच्या तबेल्यातल्या बाई म्हणाल्या, थांबा जरा. त्यांचा घोडा उंच उंचवट्याचा, सडपातळ. त्याच्या पाठीवर ते असं बसलं की तळहात वरपासून खालपर्यंत एकसारखा सरकला. लेक आता रोज त्या घोड्याला गाजर द्यायला जाते, आणि रिकिबी आखूड करायचं काम माझ्यावर आलंय.