रनिंग २,१८,४००: विकायला काढलेली गाडी दुरुस्त केली, त्याला आठ महिने झाले

गाडी चौदा वर्षांची, पेट्रोल, हाताने गिअर टाकायची. दुरुस्तीला घातली तेव्हा रनिंग २,१८,४०० होतं, आज २,२८,९०० आहे. विकू की दुरुस्त करू या घोळात मी त्याआधी दोन महिने काढले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात एका चढावर झाली. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला, काटा साडेतीन हजारांवर गेला आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने रखडत राहिली. पाठोपाठ जळका वास. क्लच घसरतोय हे कळायला मेकॅनिक लागत नाही. खात्री करायची तर सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक पक्का ओढून गाडी चौथ्यात टाकायची आणि क्लच हळूहळू सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन बंद पडतं. माझं निवांत चालू राहिलं.

गॅरेजमध्ये गाडी वर घेतली आणि यादी वाढत गेली. क्लच सेट, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवणारच तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील. पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारे खालचे दांडे), शॉकॲब्सॉर्बर. टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणाऱ्या पट्ट्याची, मुदत संपत आलेली. शिवाय कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, महिन्याला बोटभर कमी होत होतं, त्याचं कारण कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्याची बेरीज गाडी विकून जे हातात आलं असतं त्याच्या निम्म्याच्या वर गेली. मेहुणा म्हणाला, "दाजी, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. काढून टाका."

म्हण चांगली आहे, पण इथे ती फसवते. गाडीचे पैसे मला एकदाच मिळणार होते आणि ते खिशात घालून मी काही पायी फिरणार नव्हतो. हिच्या जागी दुसरी आणावीच लागली असती. मग ताडून बघायचं ते हे, की हिचं पुढचं वर्षभर मला कितीला पडेल आणि दुसरीचं पहिलं वर्ष कितीला. नव्या गाडीची किंमत सगळ्यात जोरात उतरते ती पहिल्या काही वर्षांतच. हिची उतरायची तेवढी उतरून झालीय. त्यात कर्जाचं व्याज आणि विम्याचा वाढलेला हप्ता धरला की मसाला फार महाग वाटेनासा होतो. जुनीच दुसरी घेतली तर ती मालकाने का काढली हे शोधण्यात पहिले सहा महिने जातात. हिची दुखणी निदान माझ्या ओळखीची होती.

अर्थात हा हिशोब तेव्हाच खरा, जेव्हा गाडीचा गाभा शाबूत असतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि पत्रा. बाकी सगळं झिजण्यासाठीच बनवलेलं असतं, ते झिजलं म्हणून गाडी म्हातारी होत नाही. हे मला शिकवलं ते गाडी बघायला आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने. पहिल्याने फक्त रनिंग वाचलं आणि आकडा सांगितला. दुसऱ्याने रनिंगकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थंड इंजिनाची डिपस्टिक काढून बोटावर ऑइल चोळलं, ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय (ऑइलमध्ये पाणी शिरल्याची खूण) आहे का ते बघितलं, मग जमिनीवर पालथा झोपून दहा मिनिटं खाली टॉर्च मारत राहिला. उठला आणि म्हणाला, "मी घेईन, पण तुम्ही का विकताय ते कळलं नाही." भाव त्याने पाडूनच सांगितला, पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

मग मी स्वतःच तपासायला घेतलं. आधी पत्रा, कारण इंजिन बदलता येतं, गंजलेली चौकट नाही. दारांखालचे बीम, जॅक लावायच्या जागा, सस्पेन्शन जिथे बॉडीला बोल्टने बसतं ते कोपरे, सगळीकडे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. चांगला पत्रा टणटण वाजतो. ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली मात्र थप्प असा मेलेला आवाज आला. गालिचा उचलला तर खाली ओल. एसीची पाणी जायची नळी तुंबलेली आणि पाणी कित्येक महिने आतच मुरत होतं. तारेच्या ब्रशने घासत गेलो, तेव्हा हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. तपकिरी भुगा पडत राहिला आणि शेवटी खाली चकचकीत, अखंड पत्रा लागला. गंज वरवरचा निघाला. प्राइमर मारला, नळी मोकळी केली. तिथे भोक निघालं असतं तर त्याच दिवशी गाडी दिली असती.

इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, तपासून घेतलं. चार सिलिंडरचे आकडे आले १७२, १७०, १६४ आणि १६८ पीएसआय. एका आकड्यावरून फार काही ठरत नाही, चौघांत तफावत किती ते महत्त्वाचं, आणि ती दहा टक्क्यांच्या आत असली की झोप लागते. एखादा फारच खाली असता तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर पिस्टन रिंग गेलेल्या, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा संशय. माझ्यावर ती वेळ आली नाही. ऑइल मात्र पिते, हे डिपस्टिकवर खूण करून मोजलं. १,५०० किलोमीटरमध्ये वरच्या आणि खालच्या खुणेतला साधारण पाव भाग. या वयात चालतं. सकाळी सुरू करताना निळसर धुराचा एक झोत येतो आणि जातो, तो व्हॉल्व्ह सीलचा. चालताना सतत येत असता तर चित्र वेगळं होतं.

राहिलं कूलंट. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलं असेल या भीतीने मी निम्मा निर्णय आधीच करून बसलो होतो. त्याची चाचणी सोपी आहे. रेडिएटरच्या तोंडाशी निळं द्रावण भरलेली नळी लावून त्यातून वरची हवा खेचतात. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. निळं ते निळंच राहिलं. पाणी जात होतं वॉटर पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून. ते भोक मुद्दामच ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून ठिबकावं म्हणून. थेंब गरम इंजिनावर सुकून जायचे, त्यामुळे जमिनीवर डाग कधी दिसलाच नाही. फक्त पंपाखाली गुलाबी खरवड जमलेली. माझ्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणजे बेल्ट बदलताना तो जवळपास फुकटात हाताशी येतो. इथे माझा निर्णय झाला.

आता आठ महिन्यांचा अनुभव. क्लच लोण्यासारखा झालाय, इतका की पहिले दोन दिवस मीच गाडी बंद पाडत होतो. खड्ड्यातला खडखडाट गेला. ॲव्हरेज वाढेल असं सगळे म्हणत होते, ते लिटरमागे जेमतेम अर्ध्या किलोमीटरने वाढलं आणि त्याचंही श्रेय बहुधा टायरमधल्या हवेलाच. कूलंटची पातळी पहिल्या दिवशी खूण केली होती तिथेच आहे.

लोअर आर्ममध्ये माझी चूक झाली. गॅरेजवाल्याने दोन प्रतीचे पार्ट दाखवले, मी स्वस्तातला घेतला. चौथ्या महिन्यात डावीकडचं बुश (सांध्यातलं रबर) फाटलं आणि ब्रेक मारला की स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागलं. पार्टचे वाचलेले पैसे दुसऱ्यांदा द्याव्या लागलेल्या मजुरीत गेले, वर अलाइनमेंट पुन्हा. जुन्या गाडीत महाग असते ती उघडझाप, पार्ट नव्हे. ऑइल सील क्लचबरोबर उरकलं म्हणून सुटलो, तो शहाणपणा इथे सुचला नाही.

सहाव्या महिन्यात अल्टरनेटर, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, गेला. रात्री, पावसात, आणि गाडी बायको चालवत होती. आधी वायपर मंदावले, मग दिवे पिवळे पडत गेले, मग सगळं बंद. दुसऱ्या दिवशी जंप देऊन सुरू केली आणि बॅटरीवर मीटर लावला तर चालू इंजिनाला ११.८ व्होल्ट. धडधाकट अल्टरनेटर १३.८ ते १४.४ च्या आसपास देतो. कार्बन ब्रश संपलेले. ब्रश आणि बेअरिंग बदलून तोच परत बसवला, काम एका दिवसाचं. पण त्या रात्री मी पुरता खचलो होतो. "एवढं घातलंय, आता आणखी एक काय" असं मन म्हणायला लागलं की सावध व्हायला हवं. घातलेले पैसे गेले, ते विकूनही येत नाहीत आणि ठेवूनही येत नाहीत. मी स्वतःला विचारलं, ही गाडी आज अशीच, बंद पडलेली, मला फुकट मिळाली तर अल्टरनेटर भरून घेईन का? घेतली असती.

विकायचंच असेल त्यांच्यासाठी एक. आधी दुरुस्त करून मग विकू नका. नवा क्लच टाकलाय म्हणून गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देत नाही, तो गाडीत असतोच असं धरून चालतो. धुवा, दोष खरे सांगा आणि आहे तशी द्या.

मेहुण्याने मध्यंतरी अर्व गॉर्डनची गोष्ट पाठवली. १९६६ साली घेतलेल्या व्होल्व्हो पी१८०० वर त्याने २०१३ पर्यंत तीस लाख मैल केले, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. हाच मेहुणा काढून टाका म्हणत होता! गोष्ट खरी आहे, पण तिचा आधार घेऊ नये. लांब पल्ल्याला गरम इंजिनावर केलेलं रनिंग आणि रोज सकाळी थंड इंजिनावर केलेले चार-चार किलोमीटर ही एकाच आकड्यात मोजायची गोष्ट नाही. माझी गाडी दुसऱ्या प्रकारची.

एका मुद्द्यावर माझा हिशोब लंगडा पडतो, तो म्हणजे सुरक्षितता. गाडीत एअरबॅग दोनच, आणि निसरड्या वळणावर गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा नाहीच. हे कुठल्याही गॅरेजमध्ये बसवून मिळत नाही. मुलगी गाडी शिकायला लागेल तेव्हा ही तिच्या हातात देणार नाही, एवढं मी ठरवलंय.

दुरुस्तीला घालतानाच वहीच्या शेवटच्या पानावर तीन अटी लिहून ठेवल्या होत्या. हेड गॅसकेट, गिअरबॉक्स, वजन पेलणाऱ्या पत्र्यात भोक. तिन्हींपैकी एक झालं की खर्चाचा अंदाजही न विचारता विकायची. अल्टरनेटरच्या दुसऱ्या दिवशी वही उघडली तर खाली बायकोच्या अक्षरात चौथी होती: "मला पुन्हा एकदा रात्री अडकवलं तर."

सध्या साठच्या पुढे मागून एक घुमणारा आवाज येतोय. उजवीकडे वळताना वाढतो, म्हणजे वजन डाव्या चाकावर पडतं तेव्हा. डावं व्हील बेअरिंग. शनिवारी टाकून घेतोय, रविवारी बायको ही गाडी घेऊन लांब जाणार आहे आणि परतायला रात्र होईल.