ठाणे ते नागपूर : समृद्धीने जावं की विमानाने?

इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा 76 किमीचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि समृद्धी महामार्गाचे 701 किमी पूर्ण झाले. मुंबई आणि नागपूर विमानतळांमधलं हवाई अंतर साधारण 680 किमी. म्हणजे रस्ता आता जवळजवळ विमानाइतकाच सरळ जातो. वेळेचं गणित मात्र इतकं सरळ नाही.

कस लागतो तो ठाणे ते आमणे या पहिल्या पंचवीसेक किलोमीटरलाच. माजिवडा, साकेत पूल, खारेगाव, माणकोली, रांजणोली... भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर सगळे याच वाटेवर. पहाटे साडेचारला निघालात तर अर्ध्या-पाऊण तासात आमणे. आठला निघालात तर दीड तास धरा, आणि तो पुढे कितीही हाणली तरी भरून निघत नाही. एकदा समृद्धीवर चढलं की कसारा घाट विसरायचा. आठेक किमीचा बोगदा थेट इगतपुरीला सोडतो. शिर्डीचा इंटरचेंज आमण्यापासून 181 किमी. सपाटीवर कारला वेगमर्यादा 120, घाटात 100. दोन थांबे घेऊन घर ते घर साडेनऊ ते दहा तास. बाइकला इथे प्रवेश नाही.

खरी भीती टायरची. काँक्रीट तापलेलं, वेग तासन् तास एकसारखा, त्यात हवा कमी असली की टायरची बाजू सतत दबून आतून तापते आणि फुटते. हवा गाडी थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. चार माणसं आणि सामान असेल तर त्यातला पूर्ण लोडचा आकडा घ्या. टायरच्या बाजूवर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात. 3419 म्हणजे 2019 सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतका जुना टायर घेऊन इथे येऊ नका. दुसरा शत्रू झोप. वळणं नाहीत, गावं नाहीत, डोळे उघडे असूनही डोकं झोपतं. दर दोन तासांनी उतराच. जुन्या हायवेसारखे ढाबे लागोपाठ नाहीत. डबा सोबत, टाकी अर्धी झाली की पंप.

कारचा टोल किमीला 2.06 रुपये, पूर्ण अंतराचे 1,445. वार्षिक फास्टॅग पास इथे चालत नाही, कारण हा राष्ट्रीय महामार्गच नाही. फास्टॅग नसेल तर दुप्पट. या वेगाला लिटरमागे 14 किमी आणि पेट्रोल 105 रुपये धरलं तर एका बाजूचे सात हजार.

विमान हवेत दीड तास, पण ठाण्यातून विमानतळ तास-सव्वा तास, तिथे दीड-दोन तास आधी, पुढे बॅगा आणि नागपुरात सीताबर्डीपर्यंतची टॅक्सी. झाले साडेपाच तास. तिकिटावर मुंबईचं टर्मिनल टी1 की टी2 ते नीट बघा. चुकलात तर अर्धा तास गेला, आणि चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. सामान बहुधा 15 किलो. दिवाळीत माहेरी निघालेल्यांना ते कुठून पुरणार!

एकटे-दुकटे असाल तर विमान, तेही तिकीट आधी काढलं असेल तर. चौघं असाल तर समृद्धी, माणशी पावणेदोन हजारांत. फक्त माजिवडा उजाडायच्या आत सोडा.